वेगासला उतरायचं कुठे?

अॅरिझोनात, चँडलरला, घरांच्या मागे कुंपण कुठलं, सहा फुटी सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत असते. शेजारणीशी बोलायचं तर दोघींना स्टुलावर चढावं लागतं. शेजारच्या ताईंचं स्टूल भिंतीशी कायमचंच लावलेलं. मी कढीपत्ता मागायला हाक मारली आणि बोलता बोलता सांगितलं, नाशिकहून सासू-सासरे आणि दीर येतायत, त्यांना वेगास दाखवायचंय, पण हॉटेल ठरत नाहीये. झालं! कढीपत्ता राहिला बाजूला.

“हॉटेल ठरवतंय कोण?”

“नवरा. त्याला बेलाजिओच हवंय. तीही कारंजी दिसणारी खोली.”

“कारंजी बघायला खोली कशाला लागते गं? रस्त्यावर उभं राहिलं की दिसतात. आठ एकरांचं तळं आहे, समोर भला रुंद फुटपाथ आहे आणि अंधार पडला की दर पंधरा मिनिटांनी खेळ असतो. आत शिरलीस तर छताला चिहुली नावाच्या कलावंताची काचेची दोन हजार फुलं, पुढे ऋतूप्रमाणे बदलणारी बाग. कुणी विचारत नाही तुम्ही कुठे उतरलात म्हणून. फ्लेमिंगो हॉटेलच्या मागे गेलीस तर खरे फ्लेमिंगो एका पायावर उभे. व्हेनिशियनचे कालवे, सीझर्सचे पुतळे, सगळं बघून घे, एक पैसा पडत नाही. वेगासात जे बघायचं ते सगळ्यांना फुकट, आणि राहणाऱ्याला जे रोज लागतं त्याचे पैसे. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी हॉटेलं आपोआप गळतात.”

“मग राहायचं कुठे?”

“आधी सांग, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत?”

गुडघ्यांचा आणि हॉटेलचा संबंध मला कळेना. ताईंनी स्टुलावर पाय बदलला. म्हणजे आता वेळ लागणार.

“अगं, ती स्ट्रिप, म्हणजे हॉटेलांचा तो मुख्य रस्ता, साधारण सात किलोमीटरचा. खिडकीतून बघून आपण म्हणतो, समोरच तर आहे! आणि मग लिफ्ट, कॅसिनो, सरकता जिना, पूल, पुन्हा सरकता जिना, पुन्हा कॅसिनो. समोरच्या हॉटेलला वीस मिनिटं सहज लागतात. रस्ता सरळ ओलांडायची सोय मोठ्या चौकांत ठेवलेलीच नाही, पुलावरून जायचं, आणि पूल उतरतो तो कुणाच्या तरी दारात. आणि खोलीपासून दारापर्यंतचं अंतर तर कुणी मोजतच नाही! दार कुठेही असू दे, लिफ्टकडे जायची वाट जुगाराच्या टेबलांमधूनच काढलेली असते. आमचे मामंजी एका हॉटेलात वर्तमानपत्र आणायला म्हणून खाली उतरले आणि तासाभराने सुरक्षारक्षकाबरोबर परत आले. घड्याळ नाही, खिडकी नाही, सगळीकडे तोच गालिचा. माणूस दिशा तरी कशी धरणार?”

“सासूबाईंना गुडघ्यांपेक्षा धुराचा त्रास जास्त होतो. दमा आहे.”

“मग तर प्रश्नच मिटला. नेव्हाडात कॅसिनोत सिगारेट ओढायला अजून मुभा आहे. हॉटेलवाले हवा खेळती ठेवतात, सुगंध सोडतात, पण तो अत्तरात भिजवलेला धूरच म्हणायचा. स्ट्रिपवर पार्क एमजीएम तेवढं २०२० पासून पूर्ण धूरमुक्त आहे. पूर्वीचं माँटे कार्लो गं ते, २०१८ मध्ये नाव बदललं. नाहीतर कॅसिनोच नसलेलं हॉटेल बघ. व्हडारा आहे, एमजीएम ग्रँडच्या मागचे सिग्नेचरचे मनोरे आहेत. मँडले बेच्या इमारतीत वरच्या मजल्यांवर फोर सीझन्स आहे, त्याची लिफ्टही वेगळी, पण ते आपल्या खिशासाठी नाही. व्हडारात आणि सिग्नेचरमध्ये खोलीत छोटं स्वयंपाकघर असतं. चहा करता येतो!”

“चहा तर कुठल्याही खोलीत करता येतो ना?”

ताई हसल्या. मला हसल्या, हे मला आवडलं नाही.

“वेगासच्या बऱ्याच खोल्यांत साधी किटली नसते. सकाळी सहाला तुझे सासरे चहासाठी खाली उतरणार, कॉफीच्या दुकानासमोर रांग, आणि रांगेला लागून जुगाराची यंत्रं लुकलुकतायत. मुद्दामच करतात. तू खोलीत बसलीस तर त्यांचं कसं चालायचं? फ्रीजचंही तेच. एका हॉटेलात आमच्या वन्संनी इन्सुलिन ठेवायला म्हणून फ्रीजमधल्या दोन बाटल्या उचलून टेबलावर ठेवल्या. उघडल्यासुद्धा नाहीत. पण खाली सेन्सर होता, बिलात दोन्ही लागल्या! भांडून काढून घेतल्या ते वेगळं, पण निघायची वेळ आणि त्यात वन्संचं इंग्रजी. तेव्हापासून मी घरूनच बर्फाची पेटी आणि विजेची किटली नेते. डबाही नेते. आधी धपाटे संपवायचे, मग त्यांचा तो बुफे.”

“व्हडाराच घेऊ का मग?”

“घे की. तिथून बेलाजिओला चालत जाता येतं, जवळच फुकटची ट्राम आहे. म्हणजे नवऱ्याला कारंजी आणि सासूबाईंना श्वास. फक्त उन्हाळ्यात त्या पोहण्याच्या तलावाकाठी जरा जपून हो.”

“का?”

आता ताई भिंतीवर कोपरं टेकून पुढे वाकल्या. त्यांच्याकडे काही खास असलं की त्या अशाच वाकतात.

“इमारत आतल्या बाजूला वाकलेली आहे, आणि बाहेरून सगळी काच. ऊन त्या काचेवर पडतं आणि खाली एका जागी गोळा होतं. २०१० मध्ये एका पाहुण्याचे केस करपले, हातातली प्लॅस्टिकची पिशवी वितळली! पेपरात आलं होतं. पुढे त्यांनी मोठाल्या छत्र्या लावल्या. आणि गंमत सांगू? त्याच वास्तुविशारदाने, व्हिन्योली त्याचं नाव, लंडनला तसाच एक मनोरा बांधला. २०१३ मध्ये त्याच्या उन्हाने खाली उभ्या मोटारीचे भाग वितळले. एकदा झालं ते झालं, पण पुन्हा तेच?”

“हे तुम्हाला कुठून कळतं सगळं?”

“आमच्या ह्यांना दुसरं काय काम आहे? निवृत्त झाल्यापासून वेगासचा इतिहास पाठ करतायत. जेवताना सुद्धा तेच. फ्लेमिंगो कुणी उभं केलं, तर बग्सी सिगल नावाच्या गुंडाने. १९४६ च्या डिसेंबरात उघडलं आणि पुढच्या जूनमध्ये मैत्रिणीच्या घरात त्याला गोळ्या घातल्या. मला बाई त्यापेक्षा ह्यूजची गोष्ट आवडते. हॉवर्ड ह्यूज, अब्जाधीश. १९६६ च्या नोव्हेंबरात डेझर्ट इनच्या वरच्या मजल्यांवर येऊन राहिला आणि हलेचना. नाताळ जवळ आला, हॉटेलवाल्यांना त्या खोल्या मोठ्या जुगाऱ्यांसाठी हव्या होत्या. त्यांनी सांगितलं, खोल्या सोडा. ह्याने हॉटेलच विकत घेतलं! आपण चेक-आउटला अर्धा तास उशीर झाला तरी घाबरतो.”

“त्या डेझर्ट इनमध्ये आता काय आहे?”

“पाडलं. त्या जागेवर विन उभं आहे, २००५ पासूनचं. ते उभारणाऱ्या स्टीव्ह विनचीही एक गंमत आहे. पिकासोचं एक चित्र त्याने १३९ मिलियन डॉलरला विकायचं ठरवलं. २००६ साली मित्रांना ते दाखवताना हातवारे करत होता, तेवढ्यात कोपर लागलं आणि चित्राला भोक! बिचाऱ्याच्या डोळ्यांचा आजार होता, बाजूचं नीट दिसायचं नाही. पण पुढे ऐक. दुरुस्त करून तेच चित्र २०१३ मध्ये १५५ मिलियनला विकलं. आमच्याकडे भिंतीवरचं एक कॅलेंडर फाटलं तर सासूबाई तीन दिवस बोलायच्या.”

मी घड्याळ बघितलं. मुलगी शाळेतून यायला अजून वेळ होता.

“नवरा म्हणतो, आईबाबांना तो ज्वालामुखी दाखवू. तो लहानपणी सिनेमात बघून भारावला होता म्हणे.”

“मिराज हॉटेलपुढचा? तो विझला गं! २०२४ च्या जुलैत मिराजच बंद झालं. तिथे गिटारच्या आकाराचं हॉटेल उठतंय. त्याच वर्षी ट्रॉपिकानाही सुरुंग लावून पाडलं, आधी आतषबाजी केली आणि मग पाडलं. बेसबॉलचं मैदान होतंय तिथे. वेगासात पाच वर्षांपूर्वीचं काही सांगायला जाऊ नये. दोन वर्षांपूर्वी गेलेल्याचं तरी ऐकावं का, मला शंका आहे.”

“आणि दीर? त्याला खेळायचंय. गोव्याला मांडवीतल्या बोटीवर जाऊन आलाय, त्यामुळे सगळं येतं म्हणतो.”

“गोव्यात जमिनीवर नुसती यंत्रं, पत्ते आणि रुलेटचं चाक खेळायचं तर बोटीवर चढायचं. आत जायचेच पैसे, त्यात जेवण धरलेलं. इथे आत जायला काही नाही, आणि हेच जास्त वाईट. खेळणाऱ्याला दारू फुकट, वाढणारीला एक डॉलर टीप. त्याला माझं नाव सांगू नकोस, पण एवढं सांग: चाकावर शून्यं मोजायची. एक शून्य असेल तर कॅसिनोचा वाटा २.७० टक्के. शून्य आणि दुहेरी शून्य, ५.२६. आता स्ट्रिपवर तीन शून्यांची चाकं फिरतात, ७.६९! आणि ब्लॅकजॅकच्या टेबलावर लिहिलेलं वाचायचं. तीनास दोन असेल तर ब्लॅकजॅक लागल्यावर दहा डॉलरच्या डावाला पंधरा मिळतात. सहास पाच असेल तर बारा. टेबल तेच, पत्ते तेच, वाटणारीचं हसूही तेच. स्वस्त टेबलांवर बहुधा सहास पाचच असतं. अडाणी माणूस म्हणतो, सहा मोठे की तीन?”

“यंत्रावर बसला तर?”

“मोठं बक्षीस लागलं तर परदेशी माणसाच्या रकमेतून तीस टक्के कर तिथल्या तिथे कापतात. लागणार नाही, म्हणून काळजी नाही. आमचे हे म्हणतात, महाराष्ट्रात १९७६ पासून कॅसिनोचा कायदा पडून होता, कधी अमलात आणलाच नाही, २०२३ मध्ये रद्द केला. बरं झालं, नाहीतर दिराने तुमचं नाशिकचं घर ठेवलं असतं का?”

दीर तसा नाहीये. पण ताईंना हे सांगून उपयोग नसतो.

“बाबांचंच कठीण आहे ताई. जन्मभर पाटबंधारे खात्यात गेला. पत्ते म्हटलं की उठून जातात. ते म्हणतायत, तुम्ही जा, मी घरी थांबतो.”

“अगं वेडी का तू? त्यांना वेगास सांगूच नकोस, हूवर धरण सांग! आपण इथून जातो तेव्हा वाटेतच लागतं. सातशे सव्वीस फूट उंच, १९३१ मध्ये काम काढलं आणि मुदतीच्या दोन वर्षं आधी पुरं केलं. हे ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं की नाही बघ, खात्यातल्या माणसाला मुदतीचं काय ते कळतं. त्याच १९३१ मध्ये नेव्हाडाने जुगार कायदेशीर केला. आणि धरणाच्या मजुरांसाठी सरकारने बोल्डर सिटी वसवली, तिथे जुगाराला बंदी. आजही आहे! धरणाशेजारचं छोटंसं शांत गाव. एक रात्र तिथे काढा, सासरे खूष. दुसऱ्या दिवशी अर्ध्या-पाऊण तासात स्ट्रिप. आणि तिथल्या साध्या मोटेलचा खर्च काय, गाडी दारात लागते.”

“स्ट्रिपवर गाडी लावायचेही पैसे?”

“बहुतेक ठिकाणी. शिवाय रिसॉर्ट फी. खोलीचं भाडं पूर्वी चाळीस दिसायचं आणि ही फी रात्रीला ४० ते ५५ डॉलर, वर कर. कशाची, तर वायफायची आणि तलावाची. पोहा नाहीतर न पोहा. मे २०२५ पासून सरकारने सक्ती केली, फी धरूनच किंमत दाखवायची. म्हणजे फी गेली नाही, फक्त आता आधी दिसते. तरीपण रविवार ते गुरुवार जा, शुक्रवार-शनिवार म्हणजे भाव डोक्यावर. तिकिटं कधीची काढलीत?”

“जानेवारीचा पहिला आठवडा. नवऱ्याने मुद्दाम मधले वार धरलेत, मंगळवार ते गुरुवार.”

ताई गप्प झाल्या. त्या गप्प होत नाहीत, म्हणून मी घाबरले.

“मुसळ केरात! अगं, त्या आठवड्यात ते इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन असतं, सीईएस. लाखाच्या वर माणूस येतो जगभरातून. मधल्या वारांनाच सगळ्यात महाग. तुझा नवरा संगणकातला ना? आणि त्याला हे माहीत नाही?”

“त्याला माहीत असणार...” मी म्हणाले, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. दीर येणार, आईबाबा येणार, आणि ह्याने नेमके तेच तीन दिवस धरले. त्याच्या कंपनीचा स्टॉल तिथे दरवर्षी असतो.

“संक्रांतीनंतर जा,” ताई म्हणाल्या. “आणि आज रात्री विचार त्याला, बेलाजिओच्या खोलीचे पैसे कंपनी भरतेय का. भरत असेल तर एक खोली माझ्यासाठीही सांग.”