अदृश्य हात आणि व्यापाऱ्याची मूठ

अर्थशास्त्राच्या पुस्तकात बाजार अदृश्य हात चालवतो. यवतमाळ जिल्ह्यात तो हात चांगलाच दिसतो. पांढरकवड्याला किंवा राळेगावला कापसाची गाडी उभी राहिली, की तो ढिगात कोपरापर्यंत जातो, मूठभर कापूस बाहेर काढतो आणि म्हणतो, "ओला हाये." झाली किंमतनिश्चिती.

मागणी-पुरवठ्याचा नियम इथे काटेकोर पाळतात. पुरवठा वाढला की भाव पडतो. पुरवठा घटला तर? तर परदेशातून गाठी येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये, पऱ्हाटीला पात्या-फुलं लागलेली असताना, सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. पहिल्या वेचण्या नेमक्या त्याच मुदतीत आल्या. निव्वळ योगायोग!

त्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल होता. हमी पक्की, फक्त ओलावा ८ टक्क्यांच्या आत हवा. वर गेला की कपात, १२ च्या पुढे गेला की घरचा रस्ता. (परतीच्या पावसाला ही टक्केवारी अजून कुणी कळवलेली नाही.)

उद्योजक म्हणजे जोखीम घेणारा, अशी व्याख्या आहे. त्या हिशेबाने आर्णी-घाटंजीची कोरडवाहू शिवारं उद्योजकांनी गच्च भरलेली. बियाणं छापील किमतीला, खत छापील किमतीला आणि माल मात्र समोरचा म्हणेल त्या किमतीला. कुठल्या कारखानदाराला हे धाडस जमलंय? तरी बँकेच्या यादीत ते उद्योजक नाहीत, थकबाकीदार आहेत.