चौथी सीट, अरबी समुद्र

डोंबिवलीकराला आराम मानवत नाही, हे मी भर समुद्रात जाऊन सिद्ध करून आलो.

2018 च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ ही बोट मुंबई-गोवा सुरू झाली. देशातली पहिली आलिशान देशी क्रूझ म्हणून तिचे फोटो झळकले आणि त्याच हिवाळ्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. दुपारनंतर मुंबई सोडायची, सकाळी गोवा. दोघांच्या तिकिटांत माझा काही वर्षांचा सेकंड क्लासचा पास निघाला असता, हा हिशेब मी मनातच ठेवला. बोट जपानहून आणलेली, म्हणजे मेली वेळेवर सुटणार, या धास्तीने आम्ही चार तास आधीच धक्क्यावर हजर. (ठाण्यापुढे लोकल रखडणार हे गृहीत धरलं होतं. नेमकी त्याच दिवशी रखडली नाही.)

चढतानाच पंचाईत. सुटत्या गाडीत खांदा घालून शिरण्याचं पंचवीस वर्षांचं कसब अंगात, आणि इथे बोट आपली ढिम्म उभी. दारात एक मुलगा हात जोडून म्हणाला, “या सर.” मागून कोणी ढकलेना, त्यामुळे माझा पाय उचलेना.

“अहो, चला ना!” शेवटी हिने ढकललं, तेव्हा कुठे घरच्यासारखं वाटलं.

वर डेकवर इन्फिनिटी पूल, भोवती आरामखुर्च्या. सगळ्या भरलेल्या. मी सवयीने एका गृहस्थांच्या डोक्याशी जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, “कुठे उतरणार?”

त्यांनी काळा चष्मा वर केला. “गोवा.”

शेजारच्याला विचारलं. तोही गोवा. मधे घाटकोपर नाही, कुर्ला नाही, सगळी बोट एकाच स्टेशनावर उतरणार! अशा प्रवासात माणसाने आशा तरी कशावर ठेवायची? शेवटी एका बाकावर तिघं बसलेले दिसले. “जरा सरका,” म्हणून मी चौथी सीट घेतली. ते घाबरून उठूनच गेले. अख्ख्या बाकावर एकटा बसलो, पण अर्धं अंग हवेत ठेवूनच. पूर्ण टेकलो की तोल जातो.

बोटीवर 104 खोल्या आणि माणसं जास्तीत जास्त चारशेच्या घरात. हा आकडा ओळखीचा वाटला. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तेव्हा 14 डब्यांत सुमारे 400 निमंत्रित होते आणि 21 तोफांची सलामी झाली होती. म्हणजे ठाण्याच्या मार्गावर ऐषारामी प्रवास कधी झालाच नाही असं म्हणता येणार नाही. एकदा झाला. आता तेवढी माणसं लोकलच्या एका डब्यात मावतात आणि दिवा स्टेशनला आणखी चढतात.

जेवण बुफे. तरीही हिने तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्याच होत्या. “बोट मधेच थांबली तर?”

रात्री झोप येईना. खोलीत कोणाचं कोपर लागत नव्हतं. डेकवर जाऊन काळ्या पाण्याकडे बघत बसलो. पाणी आम्हाला परकं नाही. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात कल्याणच्या खाडीत केली. लाकूड आणून, सुतार बसवून गलबतं पाण्यात उतरलीसुद्धा. त्याच खाडीला 2016 च्या कायद्याने ‘राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53’ अशी पदवी मिळाली. तेव्हापासून निवडणूक जवळ आली की डोंबिवलीहून बोट सुटणार असते. कल्याणची गलबतं बांधून व्हायला पत्रकार परिषद लागली नव्हती, एवढाच फरक. आमच्या सोसायटीतल्या काकांनी मात्र बोटीच्या पहिल्या दिवसासाठी खिडकीची जागा सांगून ठेवली आहे. गेल्या वर्षी त्यांनी ती मुलाच्या नावावर केली.

पहाटे साडेपाचला मी हिला उठवलं. बोट लागणार नऊच्या सुमारास. पण डोंबिवलीला उतरायचं तर मुंब्र्यालाच दरवाजा गाठावा लागतो, आणि मालवण मागे पडलं असावं असा माझा अंदाज होता. बॅगा पोटाशी धरून आम्ही बाहेर पडायच्या दाराशी पोचलो. तिथे आधीच आठ-दहा जणं उभी. ठाण्याचं एक कुटुंब, कल्याणचे दोघं, आणि सगळ्यात पुढे, दाराला नाक लावून, बदलापूरचे एक गृहस्थ. ते चारपासून उभे होते.

मी त्यांच्या पाठीला बॅग टेकवली. त्यांनी मान न वळवताच विचारलं,

“धक्का कुठल्या बाजूला येणार?”