मामांच्या गाडीतला फोन वाजवा : नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

वारशात कुणाला शेत मिळतं, कुणाला दागिने. तुम्हाला मिळाली आहे मामांची जुनी मर्सिडीज. ती पुण्यात जुळवलेली आहे (१९९५ मध्ये टेल्कोच्या आवारात हा उद्योग सुरू झाला होता), त्यामुळे ती सहसा कुणाचं ऐकत नाही. पुढच्या दोन सीटांच्या मधोमध वेटोळ्या वायरचा एक फोन बसवलेला आहे. बायको म्हणते, "काढून टाका, तिथे पाण्याची बाटली राहील." तिच्याकडे दुर्लक्ष करा. खाली दिलेल्या पायऱ्या नीट पाळल्या तर हा फोन बडोद्यातल्या समामध्ये पुन्हा वाजू शकतो. कशासाठी वाजवायचा, हे आम्हाला विचारू नका. आमचं काम मार्गदर्शनाचं.

१. देश बदलू नका. न्यू जर्सीतल्या चुलतभावाला हे जमणार नाही. तिकडे एटी अँड टीने २०१७ च्या पहिल्याच दिवशी टूजी बंद केलं, आणि तुमचा फोन टूजीशिवाय दुसरी भाषा जाणत नाही. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ ला मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला, तो जीएसएमवर. तेच टूजी जीएसएम अजून चालू आहे. मात्र ते मर्सिडीजवाल्यांची आठवण ठेवून चालू ठेवलेलं नाही. दूधवाला, वॉचमन आणि गावाकडची आजी अजून बटणाचा फोन वापरतात, म्हणून ते चालू आहे. त्यांचे मनोमन आभार माना. चारचौघांत उठून दिसण्यासाठी मामांनी घेतलेला फोन आज त्या चारचौघांच्याच भरवशावर आहे.

२. कंपनी तपासा. तुमचा नंबर जिओचा असेल तर आमची सहानुभूती. २०१६ मध्ये आलेल्या या कंपनीने टूजी कधी ठेवलंच नाही. तेव्हा पोर्ट करा. इंग्रजीत 'पोर्ट' लिहा, जागा सोडून आपला नंबर लिहा आणि १९०० वर पाठवा. येणारा कोड चार दिवस चालतो. तेवढ्यात घरच्यांची समजूत काढा. चार दिवस कमी पडतील, पण नियम म्हणजे नियम.

गाडीच्या कप्प्यात मामांचं 'सेलफोर्स' लिहिलेलं सिम सापडलं तर ते फेकू नका. गुजरातेतली ती कंपनी पुढे हच झाली, मग व्होडाफोन आणि आता व्हीआय. सिम चालणार नाही, पण काउंटरवर ठेवलं की आपण किती जुने ग्राहक आहोत ते सांगावं लागत नाही.

३. सिम बसवा. आजचं नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं. सुरुवातीच्या काही कारफोनांची खाच अख्ख्या एटीएम कार्डाएवढी असे. मधलं अंतर प्लॅस्टिकच्या अडॅप्टरने आणि सेलोटेपने भरून काढा. जुन्यातले काही फोन सिमला पाच व्होल्ट देतात. आजची कित्येक सिमं तीन आणि १.८ व्होल्टांवर वाढलेली, त्यांना हे झेपत नाही. मग 'सिम टाका' असा संदेश येईल. सिम आत असतानाच येईल. खचू नका, दुसरं सिम मागा. अभिलाषा चार रस्त्याच्या दुकानातला पोरगा सगळं ऐकून घेईल आणि म्हणेल, "काका, नवो फोन लई लो ने!" हसून मान हलवा. त्याला मामा भेटले नव्हते.

४. एकच नंबर दोन्हीकडे मागू नका. खिशातल्या फोनचा नंबर मनगटावरच्या घड्याळात चालतो, ही सोय २०१८ पासून आपल्याकडे आहे. गाडीसाठी ती मागितलीत तर काउंटरवर शांतता पसरेल. एक निवडा : खिसा किंवा गाडी. तुम्ही गाडी निवडणार, हे आम्हाला माहीत आहे.

५. ओटीपीचा व्यायाम सुरू करा. सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, तेव्हा विश्रांती घ्या. नंतर बँकेचा ओटीपी थेट गाडीत येईल. गाडी बंद तर फोन बंद, त्यामुळे क्रम पाठ करा : चौथ्या मजल्यावर लॅपटॉपवर 'ओटीपी पाठवा' दाबायचं, लिफ्ट वर येईल याची वाट न बघता जिन्याने पार्किंगमध्ये उतरायचं, किल्ली फिरवायची, हिरवी पट्टी उजळली की सहा आकडे तळहातावर लिहायचे आणि वर पळायचं. दाराशी पोचेपर्यंत मुदत संपलेली असेल. 'पुन्हा पाठवा' दाबा. जिम सोडून द्या, तेवढाच खर्च वाचेल.

६. रिचार्ज थाटात करा. सुरुवातीच्या काळात मोबाईलवर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत लागत आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. इनकमिंग फुकट झालं ते २००३ मध्ये. तोवर मामा आलेला नंबर बघून फोन कापत, गाडी बाजूला घेत आणि एसटीडी बूथवरून उलट फोन करत. तुमचं नशीब बरं आहे. ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवा, असं ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं. मर्सिडीज दुकानासमोर लावा, काच खाली करा आणि खड्या आवाजात तो आजीचा पॅक मागा.

७. रेंजचा अभिमान बाळगा. हातातला जीएसएम फोन जास्तीत जास्त दोन वॉटने बोलतो, गाडीत पक्का बसवलेल्या फोनला आठ वॉटपर्यंत मुभा असे. शिवाय ऐटबाज अँटेना. रानावनात याचा खरोखर उपयोग होतो. समामध्ये टॉवर समोरच्या गच्चीवर आहे, तिथे होत नाही. म्हणून पाहुणे आले की त्यांना दुमाड चोकडीच्या पुढे घेऊन जा आणि त्यांच्या फोनची रेंज जाण्याची वाट बघा. जाणार नाही. येताना सेवउसळ खायला घाला, म्हणजे ते पुढच्या वेळीही येतील.

८. कायदा पाळा. गाडी चालवताना फोन हातात धरणं गुन्हा आहे, आणि २०१९ पासून दंडही वाढलाय. वायर असली तरी रिसीव्हर हातातच धरावा लागतो. तेव्हा गाडीतला फोन गाडी चालत नसतानाच वापरायचा. थांबलेल्या गाडीत बसून बोलताना लोक काचेतून बघतील. बघू द्या. जीजे-०६ ची नोंदणी नूतनीकरणाला आली असेल तर तेही आत्ताच बघून घ्या, नाहीतर फोन चालू आणि गाडी बंद अशी गत व्हायची.

९. पहिला कॉल घ्या. घरचे करणार नाहीत, ते व्हॉट्सॲपवर असतात. तरी एक दिवस फोन वाजेल. घाई करू नका, तीन रिंग जाऊ द्या, मग रिसीव्हर उचला. पलीकडची बाई गोड आवाजात विचारेल, नव्या गाडीसाठी कर्ज हवंय का. नाही म्हणा, पण लगेच ठेवू नका. आपण कुठल्या फोनवरून बोलतोय ते तिला सविस्तर सांगा. आवाजावरून तिला ते कळणार नाही, आणि कुणाला कळणारच नसेल तर हा सगळा खटाटोप केला कशाला?