डिस्क न मानणारा लॅपटॉप

जुना लॅपटॉप डिस्कवरून सुरू न होणे हा बिघाड नसून शिस्त आहे. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात असे यंत्र दोन-तीन मालकांच्या हाताखाली सेवा करून दाखल होते. ज्येष्ठ कर्मचाऱ्याची अदब त्याला मिळायलाच हवी. त्याचा बडा बाबू म्हणजे बायोस, यंत्र सुरू करणारा आतला प्रोग्राम. कुठून सुरू व्हायचे याची रांग तोच ठरवतो: आधी हार्डडिस्क, मग जमले तर डीव्हीडी. हा क्रम बदलायला एफ२ किंवा एफ१२ ही कळ असते (कंपनीगणिक वेगळी), पण ती दाबण्याची मुदत दोन-तीन सेकंदांची. तलाठी जागेवर सापडण्याच्या मानाने ही सवलत उदारच.

२०१२नंतरच्या बहुतेक यंत्रांत सिक्युअर बूट असतो. शिक्का नसलेली डिस्क तो दारातूनच परत पाठवतो. आयएसओ फाइल (म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल) इमेज म्हणून न लिहिता नुसती डिस्कवर उतरवली, तर फाइल दिसते, काम होत नाही. ही पद्धत कचेऱ्यांत फार पूर्वीपासून सिद्ध आहे. आतला सीआर२०३२ सेल संपला की यंत्र क्रमासोबत तारीखही विसरते आणि पुष्कळदा २००० सालाच्या आसपास जाते. गोरेगावाचा हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. यंत्राने आणखी वर्षभर मागे जाण्याची कृपा केली, तर गोरेगाव विनाअर्ज परभणी जिल्ह्यात परत जाईल.

एवढे झाल्यावर डिस्कचा कप्पा उघडून पाहतात. ही पायरी परंपरेने शेवटी ठेवलेली आहे. जुन्या यंत्रांत तिथे कधीकधी नुसते प्लास्टिकचे झाकण असते. ड्राइव्ह आधीच्या मालकाकडेच निवृत्त झालेला असतो.