पट्टीवाला

महाड-पोलादपूर भागात जुनी फियाट बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात स्टीलची पट्टी असतेच असं नाही. पण ज्याच्या खिशात पट्टी आहे, त्याच्या दारात फियाट असणारच. वय साठीच्या अल्याड-पल्याड. नोकरी एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीच्या मेंटेनन्समध्ये झालेली. वाचायचा चष्मा दोरीनं गळ्यात लोंबणारा. लग्नाला गेला की हा मांडवात शिरण्याआधी बाहेर लावलेल्या गाड्यांची टायरं बघून घेतो. अक्षता पडेपर्यंत कुणाच्या गाडीचं अलाइनमेंट गेलंय ते त्याला पाठ झालेलं असतं. मुलगी कुठली, ते जेवताना कळतं.

कागदोपत्री त्याची गाडी प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या या गाडीला पद्मिनी हे नाव १९७४ साली मिळालं, पण महाडात तिला फियाटच म्हणतात. मुंबईत टॅक्सी म्हणून राबलेल्या तिच्या बहिणी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरल्या, तेव्हा पट्टीवाल्यानं दोन दिवस गोड खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांचे स्पेअर पार्ट कुठे विकायला निघालेत, याची चौकशी सुरू केली.

फियाटला कंपनीनं दिलेलं टायर ५.२०-१४. म्हणजे रुंदी ५.२० इंच, मिलिमीटरमध्ये १३२. हल्लीच्या गाड्यांशेजारी उभी केली की फियाट चवड्यांवर उभी राहिल्यासारखी दिसते, हे याचं जुनं दुखणं. म्हणून त्याला बसवायचंय १८५चं टायर. वाढले ५३ मिलिमीटर. हे ५३ मिलिमीटर आत किती ढकलायचे आणि बाहेर किती काढायचे, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न. मुलीचं लग्न, गच्चीची गळती आणि बायकोचा गुडघा हे विषय त्यानंतरचे.

हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात त्याचा वर्ग भरतो.

“अण्णा, चाक पालथं घाल.”

“शेट, ट्रकवाला थांबलाय.”

“थांबू दे. शिकेल तोसुद्धा. आणि टायर उतरव आधी. टायरच्या फुगवट्यावर फळी टेकली की माप चुकलं!”

मोकळी रिम गोणपाटावर पालथी पडते. पट्टीवाला तिच्या मागच्या काठांवर सरळ लाकडी फळी आडवी ठेवतो, चष्मा चढवतो आणि फळीपासून खाली, चाक जिथे हबला टेकतं त्या तोंडापर्यंत पट्टी सोडतो. येईल तो आकडा म्हणजे बॅकस्पेसिंग. आकडा वाढला की चाक आत जातं, कमी झाला की बाहेर येतं. एवढं ऐकून ट्रकवाला मान डोलावतो, तोच त्याची चूक. कारण मग ऑफसेट सुरू होतो. “साडेपाच इंची रिम म्हणतात, पण काठ धरून भरते किती? साडेसहा! निम्मं केलं की सव्वातीन. बॅकस्पेसिंग आलं चार. राहिलं काय? पाऊण इंच. झाला ना एकोणीस मिलिमीटर ऑफसेट?” तोवर अण्णानं ट्रकचं पंक्चर काढून पैसेही घेतलेले असतात.

पट्टीवाल्याचं गणित अगदी खरं असतं, आणि हीच त्याच्या घरच्यांची अडचण. चाक फार आत गेलं तर मागे पाटे नि शॉकअप, पुढे ब्रेकचा पाइप. फार बाहेर काढलं तर मडगार्डची कड, शिवाय बेअरिंगवर ताण आणि आधीच जड असलेलं स्टेअरिंग आणखी जड. हे सगळं तो बोटं मोडत सांगतो, आणि खोडून काढायला कुणापाशी काही नसतं.

मडगार्डच्या आत जागा किती, हे मोजायची त्याची रीत घरात फार गाजली. कणकेचा गोळा मडगार्डच्या आतल्या बाजूला थापायचा, मागच्या सीटवर तीन धट्टेकट्टे भाचे बसवायचे आणि गाडी खड्ड्यातून न्यायची. मुंबई-गोवा महामार्गाच्या कृपेनं खड्डा शोधत फिरावं लागत नाही. मग गाडी थांबवून चेपलेल्या कणकेची जाडी पट्टीनं मोजायची. घरात संवाद होतो तो असा:

“अहो, परातीतली कणीक कुठे गेली?”

“डाव्या चाकावर.”

“आणि पोळ्या?”

“उजव्या बाजूची मोजणी झाली की सांगतो.”

एकदा मोजायच्या आतच निकाल शेजारच्या शेळीनं खाल्ला. तेव्हापासून तो पेणहून गणपतीची शाडू माती आणतो. एरवी पेणशी त्याचा संबंध आरटीओपुरता.

लोक हसतात, पण पावसाळ्यात त्याच्याकडेच येतात. सावित्रीची धोक्याची पातळी साडेसहा मीटर. ती गाठायच्या कितीतरी आधी त्याची फियाट पोलादपूरला मेव्हण्याच्या उंच अंगणात पोचलेली असते. जुलै २०२१ मध्ये महाड बुडालं, त्यानंतर आळीतल्या प्रत्येक भिंतीवरची गाळाची रेघ यानं पट्टी लावून वहीत उतरवली. आता नदी चढू लागली की शेजारीण खिडकीतून विचारते, “भाऊजी, फ्रिज कितव्या पायरीवर ठेवू?” आणि तो वही बघून सांगतो. त्या वेळी त्याच्या पट्टीला कुणी हसत नाही.

पोरंही येतात. मुंबईहून आलेला एखादा चाकरमानी जुन्या जीपला रुंद टायर चढवून महाबळेश्वरला निघतो आणि आंबेनळी घाटातून तोंड पाडून परत येतो.

“काका, वळणावर खर्र खर्र आवाज येतो.”

“खड्ड्यात येतो की स्टेअरिंग पूर्ण तोडल्यावर?”

“पूर्ण तोडल्यावर.”

“म्हणजे पाट्याला घासतंय. खड्ड्यात वाजलं असतं तर मडगार्ड. स्टॉपर बोल्ट दोन आटे बाहेर काढ.”

“मग बसेल?”

“आवाज बसेल. वळण एका दमात बसणार नाही, रिव्हर्स मारावा लागेल. टायर घेताना बॅकस्पेसिंग विचारलं होतंस?”

पोरगा गप्प. विकणाऱ्यानं त्याला फक्त हप्ता सांगितलेला असतो.

स्वतःच्या फियाटला मात्र अजून १३२ मिलिमीटरचंच टायर. सगळं जमत आलं होतं; समोर उजवीकडे फक्त चार मिलिमीटर कमी पडत होते आणि तेवढ्यासाठी मडगार्डची कड आत वळवायची ठरली होती. तेवढ्यात गाडी पन्नाशीला आली आणि भाच्यानं विंटेज गाड्यांचे २०२१चे नियम वाचून दाखवले. पन्नास वर्षांपुढची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी नि इंजिनात फेरफार नको. गाडी मूळ रूपातच हवी. नंतर रस्त्यावर काढायची ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं असल्या कामांपुरती.

“म्हणजे रोज वापरायची नाही?” बायकोनं विचारलं.

“नाही.”

“मग आता काय वेगळं चाललंय?”

पट्टीवाल्यानं उत्तर दिलं नाही. तो मूळ रूप या शब्दांपाशी अडकला होता. चाकांकडे बघता बघता त्याला शंका आली, की मधल्या पन्नास वर्षांत कुणीतरी रिमा बदलल्या असणार. त्यानं चष्मा चढवला, जॅक लावला आणि डाव्या बाजूचं पुढचं चाक पालथं घातलं.

“परातीला हात लावू नका,” आतून आवाज आला.