दोन नंबरच्या वहिनींना कंठ फुटला!

"अगं, जरा कुंपणापाशी ये. काल सोसायटीच्या मीटिंगला मी नव्हते, ऐन वेळी गुडघ्याने दगा दिला. दोन नंबरच्या वहिनींनी म्हणे सेक्रेटरींना गप्प केलं?"

"गप्प नाही केलं काकू, तीच तर गंमत! त्यांना आधी पुरतं बोलू दिलं. मग उठल्या. हातात टँकरची बिलं. 'माझे तीन मुद्दे आहेत' म्हणाल्या आणि खरंच तीनच मांडले. आवाज चढला नाही, जुनं उणंदुणं काढलं नाही. पाच-सात मिनिटांत खाली बसल्या. सेक्रेटरी नुसते चष्मा पुसत राहिले."

"ती? दारात भाजीवाला आला तर किती हवी ते बोटांनी दाखवते ती?"

"तीच हो."

"आणि मी म्हणतेय, दर शनिवारी संध्याकाळी इस्त्रीची साडी नेसून जाते कुठे! म्हटलं, लागली कुठल्या तरी बुवाच्या नादी."

"निम्म्या गल्लीला तसंच वाटत होतं. शेवटी मी विचारलंच. टोस्टमास्टर्स म्हणून क्लब आहे. चारचौघांत बोलायची भीती घालवायचा."

"भाषणांना आमच्या पुण्यात कधी तोटा नव्हता बाई. रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली! माझे वडील आम्हा भावंडांना हाताला धरून न्यायचे."

"न्यायचे, पण ऐकायला ना? तिथे एक बोलतो आणि शेकडो ऐकतात. इथे माणसं जेमतेम वीस-पंचवीस, पण ज्याच्या त्याच्या वाट्याला काहीतरी बोलणं येतंच. टेबल टॉपिक्स म्हणून एक प्रकार असतो. अचानक नाव पुकारतात, विषय जागेवर देतात, आणि एक-दोन मिनिटं बोलायचं. वहिनींना पहिल्या खेपेला पावसावर बोलायला सांगितलं. त्यांनी नाव सांगितलं, 'पाऊस चांगला असतो' म्हणाल्या आणि बसल्या. तरी टाळ्या!"

"एवढ्याला टाळ्या? मग माझ्या आमटीला का नाही कुणी वाजवत?"

"टाळ्या जरा जास्तच वाजतात तिथे, हे वहिनीही मान्य करतात. पण हिशेबही तितकाच कडक. एक जण घड्याळ घेऊन बसतो. तयारीचं भाषण बहुतेक वेळा पाच ते सात मिनिटांचं. पाचाला हिरवं कार्ड, सहाला पिवळं, सातला लाल. दुसरा एक जण तुमचे 'अं… अं…' मोजतो. 'म्हणजे', 'तर', 'ॲक्चुअली', सगळं मोजतो. वहिनींच्या पहिल्या भाषणात 'म्हणजे' इतक्यांदा आलं, की त्या माणसाने वहीत रेघा मारणंच सोडून दिलं."

"आणि हे भर सभेत वाचून दाखवतात? लाज नाही वाटत?"

"सगळ्यांचंच वाचतात. मग कुणी कुणाला लाजायचं? शिवाय प्रत्येक भाषणाला एक परीक्षक असतो. दोन-तीन मिनिटांत त्याने सांगायचं, काय जमलं, काय सुधारायला हवं. एका बाईंनी वहिनींना सांगितलं, 'तुम्ही बोलता तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळता आणि सोडता, गुंडाळता आणि सोडता. आम्ही सगळे पदरच बघत बसलो.' म्हणून काल हातात बिलं होती, काकू! बिलं काय, तोंडपाठ होती. हाताला काम हवं म्हणून धरलेली."

"बघ हो! आणि माझ्या नजरेतून हा पदर कसा सुटला?"

"वहिनी म्हणतात, भाषणापेक्षा हे परीक्षण अवघड. कान देऊन ऐकावं लागतं. आपण समोरचा बोलत असताना आपलं उत्तर जुळवत बसतो ना, तिथे ते चालतच नाही."

"बरं, सगळं इंग्रजीत असणार."

"बरेच क्लब इंग्रजीतले, मराठीतलेही आहेत. यांच्याकडे दोन्ही चालतं. मूळ मात्र अमेरिकेतलं. कॅलिफोर्नियात सांता ॲना नावाच्या गावी राल्फ स्मेडली म्हणून एक गृहस्थ होते. वाय. एम. सी. ए.त येणारी पोरं एरवी चुणचुणीत, पण उभं राहून बोलायचं म्हटलं की दातखीळ. त्यांच्यासाठी १९२४ च्या ऑक्टोबरात तिथल्याच तळघरात क्लब काढला. बायकांना मात्र १९७३ पर्यंत सभासद होता येत नव्हतं."

"म्हणजे एकोणपन्नास वर्षं नुसते पुरुष एकमेकांना भाषणं ठोकत होते? तरीच घड्याळ लावावं लागलं!"

"बायका काही वाट बघत बसल्या नाहीत. १९३८ मध्येच त्यांनी टोस्टमिस्ट्रेस क्लब म्हणून आपली वेगळी संघटना काढली."

"हे बरं केलं. पण बोलणं वेगळं आणि चार माणसं हाकणं वेगळं. ते नेतृत्व की काय, ते कुठे शिकवतात?"

"तिथेच. आज घड्याळ सांभाळ, पुढे कधी अख्ख्या सभेचं सूत्रसंचालन कर. सध्या वहिनींना पद मिळालंय, सार्जंट ॲट आर्म्स. नाव दणदणीत, काम म्हणजे आधी जाऊन हॉल उघडायचा, खुर्च्या मांडायच्या, वेळेवर सभा सुरू होईल हे बघायचं. मी म्हटलं, यात कसलं आलंय नेतृत्व? तर म्हणाल्या, 'आपल्याकडे सतरंजीला कधी हात न लावलेला माणूस थेट अध्यक्ष होतो.'"

"सेक्रेटरींना लागलं ते!"

"नाव नाही घेतलं हो त्यांनी. खरी कसोटी वेगळीच. शुक्रवारी रात्री कुणाचा तरी निरोप येतो, 'ऑफिसात काम निघालं, उद्या जमणार नाही.' त्याच्या जागी दुसरा उभा करायचा, तोही न रागावता. कारण तिथे कुणाला पगार नाही, हुकूम कुणावर सोडणार? उलट सगळे पदरचे पैसे भरून येतात. वर्गणी सहामाही, एप्रिल आणि ऑक्टोबरात. मुख्य कचेरीचा आकडा डॉलरमध्ये, त्यामुळे रुपया घसरला की वहिनींच्या कपाळाला आठी."

"नवरा काही म्हणत नाही?"

"भाऊजी खूश आहेत. मुलगा तेवढा वैतागलाय. म्हणतो, आई हल्ली पोळी वाढतानाही मध्येच थांबते आणि सगळ्यांकडे बघते."

"तुझं काय मग? तूही जाणार दिसतेस."

"पाहुणी म्हणून एकदा बसून बघेन म्हणते. त्याला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. तुम्ही येता का?"

"माझं तोंड बंद करायचा क्लब असला तर आमचे हे वर्गणी भरतील. मी नाही येत. तू मात्र जाशील तेव्हा ते लाल कार्ड एक जास्तीचं मागून आण. रविवारी नणंदेचे यजमान जेवायला येतायत. बदलीची गोष्ट सुरू झाली की त्यांचं पान वाळलं तरी थांबत नाहीत."

"आणि कार्ड दाखवूनही नाही थांबले तर?"

"मग सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवायच्या. बोलणारा माणूस त्याशिवाय खाली बसत नाही."