हात धरून गिरवायचं वय

लातूर पॅटर्न बारावीचा. नांदेडच्या शिकवण्यांचं नाव ‘नीट’ परीक्षेमुळं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांची शान लेकरू सतरा-अठरा वर्षांचं झालं की मोजतात. सहाव्या वर्षी त्याच्या पदरात काय पडलं, हे कुणी विचारत नाही. माझा राग त्याचाच आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळं शाळांना कुलूप लागलं. जुलैत शासनानं पहिली-दुसरीसाठी तीस-तीस मिनिटांची दोन ऑनलाइन सत्रं ठरवून दिली. मर्यादा योग्यच होती. पण ही मिनिटं कुणाच्या फोनवर? कंधार-मुखेडकडं किती घरांत फोन एकच, तोही दिवस उगवताच बापाच्या खिशातून कामावर जाणारा. रात्री परत आला तर गुरुजींनी सकाळी टाकलेला व्हिडिओ उघडायला नेट शिल्लक नाही. किनवटच्या तांड्यावर आधी रेंज शोधत टेकडी चढायची. सोयाबीन काढणीला आलं की माय-बाप दोघं रानात. ऊसतोडीला गेलेल्यांचं तर विचारूच नका.

आणि निरोप मायला: अभ्यास करून घ्या, वहीचा फोटो ग्रुपवर टाका. जिला स्वतःला कुणी शाळेत घातलं नाही, तिनं शिकवायचं! मग तायडीनं गिरवलेलं पान धाकट्याच्या नावावर जायचं. त्या तायडीला मी दोष देणार नाही.

सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली. कितीतरी गुरुजी पारावर, देवळात चार-चार लेकरं घेऊन बसले. त्यांचे उपकार आहेतच. पण ‘क’ काढताना पेन्सिल कुठं वळवायची, हे बाई लेकराचा हात हातात घेऊन शिकवतात. पडद्याला हात नसतो.

खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे २०२० ला पहिलीत नाव घातलेलं लेकरू वर्गात बसलं ते थेट दुसरीत, अर्धं वर्ष सरल्यावर. जानेवारीत पुन्हा कुलूप! तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो, त्यांचं देशाच्या ग्रामीण भागातलं प्रमाण ‘असर’ पाहणीत २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं. २०२२ मध्ये २०.५. ही २०२२ ची तिसरी म्हणजेच २०२० ची पहिली.

हीच लेकरं २०३२ ला बारावीला बसतील. शिकवणीची फी भरायच्या आधी त्यांना एकेकाला जवळ बसवा, मोठ्यानं वाचायला लावा. जिथं अडतील, तिथून शिकवा. मग तो धडा दुसरीचा का असेना.